घरात घालायचं, तेही मापाचं

आमच्याकडं ब्लाउज शिवायला टाकताना नव्या कापडासोबत आणखी एक चिंधी पिशवीतून जाते. तिचं नाव ‘मापाचं ब्लाउज’. रंग उडालेलं, काखेत विरलेलं, हुक दोनदा बदललेले. पण अंगाला असं बसलेलं की त्याच्यावर बाईचा जीव असतो. शिवणाऱ्या बाईकडं ते अडकून पडलं तर ती चार चकरा मारील, भांडण काढील, पण परत आणील. टेपनं घेतलेल्या मापावर तिचा तेवढा भरवसा नाही. ‘याच्यापरमानंच करा, फकस्त बाही अर्धा इंच सैल’, एवढ्यात व्यवहार मिटतो. नवरात्र तोंडावर आलं की तुळजापूर काय, उमरगा काय, कळंब काय, शिलाई मशीन असलेल्या कुठल्याही दारात अशा पिशव्यांचा ढीग लागलेला असतो आणि उत्तरही सगळीकडं एकच मिळतं: दसऱ्याच्या आत जमायचं नाही.

इतक्या जिवापाड शिवून घेतलेलं हे ब्लाउज अंगावर किती वेळ राहतं? धाराशिवसारख्या जिल्ह्याच्या गावात किंवा तालुक्याच्या ठिकाणी राहणारी तिशी-चाळिशीतली बाई बघा. लग्नाला, हळदीकुंकवाला, देवीला आणि बँकेत जाताना ती साडी-ब्लाउजमध्ये किंवा ड्रेसमध्ये. घरी आली की पहिलं काम म्हणजे गाऊन चढवणं. धुणं, भाकरी, पोरांचा अभ्यास, नळाचं पाणी, दुपारची झोप आणि रात्रीची, सगळं गाऊनमध्ये. आणि हा गाऊन कुठून येतो? आठवडी बाजारात दोरीवर लटकलेल्या रांगेतून. अंगाला लावून बघायचं, ‘डबल एक्सएल द्या, धुतल्यावर आटतो’ म्हणायचं आणि पिशवीत टाकायचं. खांदा दंडावर उतरलेला, बाही दंडात रुतलेली, लांबी पायात येणारी. कुणी तक्रारही करत नाही. घरातच तर घालायचंय!

माझं भांडण या ‘घरातच तर’शी आहे. ज्या कपड्यात दिवसाचे सगळ्यात जास्त तास जातात तोच एक कपडा आपण मापाचा शिवत नाही.

पुरुषांचंही वेगळं नाही. जुन्या म्हाताऱ्यांची बंडी आठवा. मांजरपाटाची, शिंप्यानं समोर बसून मापानं बेतलेली, आतल्या बाजूला चोरखिसा, त्यात चुन्याची डबी आणि बाजाराचे पैसे. बंडी गेली, तिच्या जागी बनियन आलं. बनियन मऊ, घाम टिपणारं, इस्त्री न लागणारं; पण खिसा गेला आणि माप गेलं. पंच्याऐंशी, नव्वद, पंच्याण्णव असे छातीचे सेंटिमीटर डब्यावर छापून येतात आणि पोट सुटलेल्या माणसानं त्यातच मावायचं असतं. खिशाची ओढ मात्र इतकी चिवट की कंपन्यांना शेवटी खिसेवालं बनियन काढावं लागलं. आजही ते बाजारात मिळतं.

कपडा आपल्या कामाला वळवून घेण्याची अक्कल बायकांना कुणी शिकवायला नको. सोयाबीनच्या काढणीला निघालेल्या बायका बघाव्यात. साडीवर नवऱ्याचा जुना फुल बाह्यांचा शर्ट चढवलेला असतो. ऊन लागत नाही, शेंगा हाताला ओरबाडत नाहीत, खिशात मोबाइल राहतो. हल्ली त्या शर्टाच्या जागी पोराचा जुना टी-शर्टही दिसतो. बाई कपडा निवडते आणि हवा तसा वापरते. तो मुळातूनच आपल्या मापाचा बेतून घ्यावा, एवढी एक पायरी तेवढी राहून गेली आहे.

गाऊनच्या नशिबी तर वर बोलणीही आली. २०१४ मध्ये नवी मुंबईतल्या गोठिवली गावात महिला मंडळानंच दिवसा गाऊन घालून बाहेर पडणाऱ्या बाईला पाचशे रुपये दंड ठरवला. २०१८ मध्ये आंध्रातल्या पश्चिम गोदावरी जिल्ह्यातल्या तोकलपल्ली गावानं हीच गोष्ट दोन हजारांवर नेली. आमच्याकडं दंड नाही. खांद्यावर टॉवेल किंवा ओढणी टाकली की भागतं. म्हणजे गाऊन वापरायचा, पण त्याला कपडा म्हणायचं नाही. ज्याला कपडा म्हणायचं नाही त्याचं माप कोण घेणार?

आणि ज्यांनी तयार मापं छापली त्यांनी तरी कुणाची घेतली होती? आपल्या देशात तयार कपड्यांचे एम, एल, एक्सएल हे आकडे बराच काळ परदेशी तक्त्यांवरून उचललेले होते. भारतीय अंगाचा स्वतःचा तक्ता करायचा म्हणून ‘निफ्ट’नं, म्हणजे राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेनं, ‘इंडियासाइज’ हे सर्वेक्षण हाती घेतलं. २०१८ साली त्याची घोषणा झाली: सहा शहरं, १५ ते ६५ वयाची पंचवीस हजार माणसं आणि अंगाभोवती फिरून माप घेणारे स्कॅनर. शहरं कोणती, तर दिल्ली, मुंबई, कोलकाता, हैदराबाद, बंगळुरू आणि शिलाँग. चांगलंच काम आहे. पण ऊस तोडून, विहिरीचं पाणी ओढून, तीन बाळंतपणं काढून झालेलं भूम-वाशीकडचं अंग त्या तक्त्यात किती उतरेल, याबद्दल मला शंका आहे.

माप न घेता शिवलं की काय होतं याचा राज्यभर एक प्रयोगच होऊन गेला. २०२४-२५ च्या शालेय वर्षात सरकारनं ‘एक राज्य, एक गणवेश’ योजना आणली. कापडाची खरेदी वरून, शिलाई महिला आर्थिक विकास महामंडळाच्या म्हणजे माविमच्या बचत गटांकडं. शिवणारे हात गावाकडच्याच बायकांचे होते, कामाला उणे नव्हते. पण पोरांच्या छातीला टेप लागली नव्हती. गणवेश उशिरा पोचले. कुणाला ढगळ, कुणाला तोकडे. बोंबाबोंब झाली आणि डिसेंबर २०२४ मध्ये सरकारनं ते काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांच्या हवाली केलं. या गोष्टीत बचत गटांनाच जास्त बोल लागला, ही मला खटकलेली बाब. बेतणारा एक आणि शिवणारी दुसरी असं झालं की दोष नेहमी टीप मारणारीच्या माथी येतो.

तर मग गाऊन किंवा टी-शर्ट मापानं शिवून घ्यावा म्हणून होजिअरीचं, म्हणजे बनियनचं ताणणारं, कापड घेऊन आपण शिवणाऱ्या बाईकडं गेलो, तर? ती कापड दोन बोटांत धरून ताणून बघते आणि परत करते. ‘हे आमच्याकडं नाही शिवत. ताणतंय. टाके सोडतंय.’ तिचं चूक नाही. कापडाची जातच निराळी आहे.

आपला सगळा शिवणाचा अभ्यास माग-कापडावर झालेला. आणि माग-कापडाचा वारसा या मातीत लहान नाही. धाराशिवपासून जवळच असलेलं, गोरोबाकाकांचं म्हणून आपण ओळखतो ते तेर हे प्राचीन काळचं तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ या ग्रीक प्रवासवर्णनात तगराहून साधं कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल भडोचच्या बंदराला जात असल्याची नोंद आहे. पुढं भडोचहून ते जहाजात चढे. तेरच्या लामतुरे संग्रहालयात त्या काळातल्या मूर्ती, मणी, खापरं बघायला मिळतात. कापड तेवढं राहिलेलं नाही, ते काळानं खाल्लं. हे सगळं कापड ताण्या-बाण्याचं. उभे धागे, आडवे धागे, एकमेकांत काटकोनात अडकलेले. ते फारसं ताणत नाही, म्हणून अंगाच्या गोलाईला बसवायला त्याला चुण्या घालाव्या लागतात, कटोरी काढावी लागते, काखेत कळी घालावी लागते. ब्लाउज शिवणं ही कला झाली ती त्यामुळं.

होजिअरीत ताणा नाही आणि बाणाही नाही. एकच धागा फासा टाकत, फाशातून फासा काढत पुढं जातो. लोकरीचा स्वेटर सुयांवर विणतात तेच, फक्त यंत्रावर आणि बारीक सुतात. फासा आडवा ओढला तर रुंदावतो, सोडला तर जागेवर येतो. म्हणून हे कापड अंगाबरोबर हलतं. मोजे विणण्याचं पहिलं यंत्र १५८९ साली इंग्लंडमध्ये विल्यम ली यानं केलं. राणी एलिझाबेथनं त्याला सनद नाकारली. हातानं विणणाऱ्यांच्या पोटावर पाय येईल, अशी तिला धास्ती होती. आपल्याकडं १८९३ च्या सुमाराला कोलकात्यात खिदिरपूरला होजिअरीचा पहिला कारखाना निघाल्याचं सांगतात. आज देशातली बरीचशी बनियनं आणि टी-शर्ट तमिळनाडूतल्या तिरुपूरला विणली जातात. पण बराच काळ हे कापड आतल्या कपड्यांचंच मानलं गेलं. फ्रान्समध्ये कोको शनेलनं पहिल्या महायुद्धाच्या काळात जर्सीचे, म्हणजे अशाच विणलेल्या कापडाचे, बाहेर घालायचे पोशाख केले तेव्हा लोकांना धक्का बसला होता. हे तर पुरुषांच्या आतल्या कपड्यांचं कापड! आपल्या गाऊनवरचा टॉवेल मला इथं आठवतो.

आता टाके का सुटतात, ते. आपल्या घरोघरच्या काळ्या मशीनची टीप सरळ असते: वरचा दोरा आणि बॉबिनचा दोरा मध्ये अडकतात आणि सरळ रेषेत जातात. या टिपेला ताण फार थोडा सोसतो. कापड ताणलं, दोरा ताणला नाही, की कडकन टीप तुटते. दुसरी गोष्ट सुईची. नेहमीची टोकदार सुई फाशाच्या मधून जाण्याऐवजी फासाच चिरते. शिवताना ते दिसत नाही. दोन धुण्यांनंतर शिवणीशेजारी बारीक भोक पडतं आणि तिथून जाळी सुटत जाते. शिवाय मऊ कापड सुईबरोबर खाली-वर होतं, दोऱ्याचा वेढा नीट पडत नाही आणि टाका सुटतो. यावर उपाय म्हणजे बॉल पॉइंट सुई. टोक किंचित गोल असतं, ती फाशांना बाजूला सारून जाते. घरगुती मशीनला बसणारी ही सुई शिवणाच्या मोठ्या दुकानात मागितली तर मिळते; ११ किंवा १४ नंबरची घ्यावी. एवढी एक सुई बदलली की निम्मी भांडणं मिटतात.

सरळ टिपेचं काय करायचं, याचं उत्तर १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात अ‍ॅन पर्सन नावाच्या बाईनं शोधलं होतं. साध्या घरगुती मशीनवर टीप मारताना सुईच्या पुढं एक हात आणि मागं एक हात ठेवून कापड अलगद ताणून धरायचं. ताणलेल्या अवस्थेत टीप पडते, सोडलं की कापडाबरोबर टीपही आखडते, आणि मग घालताना ताणायला दोरा शिल्लक राहतो. तिनं या एका युक्तीवर शिकवण्या काढल्या, ‘स्ट्रेच अँड सो’ नावानं मोठा व्यवसाय उभा केला. युक्ती आपल्या काळ्या मशीनवर तशीच चालते. फार ओढायचं नाही, नाहीतर शिवण लाटांसारखी होते. टाका बारीक ठेवायचा, वरचं टेन्शन थोडं सैल करायचं, आणि मशीनच्या डोक्यावरचा स्क्रू फिरवून दाबाचा पाय हलका करायचा. तरीही कापड दातऱ्यांत अडकत असेल तर खाली पतंगाचा कागद ठेवून शिवायचं आणि नंतर फाडून टाकायचा. वर्तमानपत्राचा वापरू नये, शाई पांढऱ्या कापडाला लागते.

पण मला जास्त गंमत वाटते ती दुसऱ्या गोष्टीची. ‘पिको-फॉल करून मिळेल’ ही पाटी धाराशिवच्या कुठल्याही गल्लीत दिसेल, लोहाऱ्यासारख्या लहान तालुक्याच्या गावीही दिसेल. साडीच्या काठाला ती बाई ज्या मशीननं पिको करते ती मशीन झिगझॅगची. सुई डावी-उजवीकडं हलते. होजिअरीच्या शिवणीला नेमकं हेच लागतं: अरुंद झिगझॅग, जी कापडाबरोबर ताणते. शिवाय ब्लाउजच्या कडा उसवू नयेत म्हणून मारतात ती इंटरलॉक, म्हणजे तीन दोऱ्यांची ओव्हरलॉक मशीन. तिची टीप तर त्याहूनही ताणणारी. कारखान्यात टी-शर्टच्या बाजू अशाच मशीनवर जोडतात. म्हणजे ज्यांच्याकडून ‘आमच्याकडं नाही शिवत’ असं उत्तर मिळतं त्यांच्याच दुकानात लागणारी दोन्ही यंत्रं उभी आहेत. ती साडी आणि ब्लाउजच्या चाकरीत आहेत, इतकंच.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या आत्याबाईंना गाऊन शिवायचा ठरला. वय सत्तरीच्या पुढं, उजवा खांदा धरलेला. हात वर जात नाही, त्यामुळं डोक्यातून कपडा घालणं म्हणजे रोजची शिक्षा. त्यांच्या मागण्या तीन. पुढून पूर्ण उघडा पाहिजे. मोबाइलला खिसा पाहिजे. आणि मिश्रीच्या डबीला वेगळा खिसा पाहिजे, मोबाइलच्या खिशात नाही, कारण मोबाइलला मिश्री लागते. टेप लावू देईनात. ‘त्यो जुना निळा गाऊन हाय की, त्याच्यावरनं काढ,’ म्हणाल्या. उसवायला मात्र दिला नाही. मग तो गाऊन मधोमध दुमडून खाकी कागदावर अंथरला, खांदा, मुंढा, बाजू अशा कडांनी पेन्सिल फिरवली आणि कागदावर जिथं जुना गाऊन टोचत होता तिथं दुरुस्ती केली: दंडाला इंचभर रुंदी, उजव्या मुंढ्याला खाली अर्धा इंच जास्त. दोन्ही बाजू सारख्या असाव्यात हा शिवण क्लासचा नियम, पण आत्याबाईंचे दोन खांदे सारखे नव्हते.

कापड सोलापूरहून आणलेलं, किलोवर. होजिअरी मीटरनं मागितली तर महाग पडते, किलोनं घ्यावी. हिशेब सोपा आहे. टी-शर्टचं मध्यम जाडीचं कापड चौरस मीटरला सुमारे १८० ग्रॅम भरतं. पन्हा साठ इंच असेल तर एका मीटरचं वजन पावणेतीनशे ग्रॅमच्या आसपास, म्हणजे किलोत साडेतीन ते पावणेचार मीटर. एका गाऊनला दोन मीटर, अर्ध्या किलोहून थोडं जास्त. दुकानात कापड आडवं ताणून सोडून बघायचं. जागेवर परत आलं तर ठीक, ढिलं राहिलं तर गुडघ्यावर आणि बुडाला फुगे येणार.

मग धुणं. आधी धुतल्याशिवाय कात्री लावायची नाही. सुती होजिअरी पहिल्या-दुसऱ्या धुण्यात आटते, लांबीला जास्त. कोपऱ्यात पेननं दहा इंचांचा चौकोन काढायचा, धुऊन वाळवून पुन्हा मोजायचा. साडेनऊ भरला तर शंभराला पाच या हिशेबानं कापड आटलं. वाळवतानाही दोरीवर लटकवायचं नाही, ओल्या वजनानं ते ओघळतं. बाजेवर पसरावं. एप्रिलच्या आमच्या उन्हात तासाभरात काम होतं; श्रावणात हेच कापड दोन दिवस ओलसर राहतं, हा त्याचा दोष आहेच.

बेतताना जास्त ताण अंगाभोवती आडवा येईल असं कापड ठेवलं. कापलेल्या कडा लगेच गुंडाळ्या करायला लागतात, त्यांना टाचण्या कमी, चिमटे बरे. धुणं वाळत घालायचे चिमटेही चालतात. एक मोठं सुख म्हणजे या कापडाच्या दशा निघत नाहीत, आतली माया तशीच सोडली तरी चालतं. खांद्याच्या शिवणीत मात्र अरुंद सुती पट्टी घातली, नाहीतर गाऊनच्या वजनानं खांदा ओघळून दंडावर येतो. बाजारी गाऊनचं नेमकं हेच होतं. गळ्याची पट्टी गळ्याच्या गोलापेक्षा लहान घ्यायची असते: गोल वीस इंच असेल तर पट्टी साडेसतरा, आणि ती ताणत बसवायची, म्हणजे गळा अंगाला चिकटून राहतो, आ वासत नाही. आत्याबाईंचा गळा पुढून उघडा, म्हणून पट्टी गोल न जोडता गळाभर लावून तशीच खाली दोन्ही पदरांवर उतरवली. पदरांवर मात्र ताण न देता. तिच्यावर टिचबटणं लावली, डाव्या एका हातानं लागतील अशी. खिसे होजिअरीचे न करता आतून जुन्या परकराच्या कापडाचे केले. होजिअरीचा खिसा मोबाइलच्या ओझ्यानं गुडघ्यापर्यंत लोंबतो.

गाऊन त्यांना बसला. पहिली प्रतिक्रिया मात्र ही होती की मिश्रीचा खिसा उजवीकडं का केला, डावीकडं पाहिजे होता.

हे सगळं वाचून कुणाला वाटेल, एवढा खटाटोप कशाला, बाजारात गाऊन स्वस्त मिळतो. मिळतो. पैशानं तुलना केली तर पहिल्या गाऊनला घरचं शिवण हरतं. पण बाळाला अंगावर पाजणारी सून, ऑपरेशननंतर पोटाला इलॅस्टिक सोसत नाही अशी बाई, चिकनगुनियानं बोटं सुजलेली आणि हुक न लावता येणारी सासू, वाढत्या वयातली, टी-शर्टात खांदे पाडून चालणारी पोरगी यांच्या मापाचं दोरीवर काही लटकलेलं नसतं. पाजणाऱ्या बाईच्या गाऊनला छातीच्या शिवणीत दोन उभ्या चेन लागतात. तयार मिळतात त्यांत त्या बहुधा चार बोटं खाली किंवा वर असतात. घरात बेतलं की त्या जागेवर येतात. पोरीच्या टी-शर्टाला काखेत चौकोनी कळी घातली की हात वर करताना सगळा टी-शर्ट वर चढत नाही.

हे शिकवणार कुठं? शिवण क्लास आपल्याकडं थोडे नाहीत. क्लासची वही अजूनही झबलं, फ्रॉक, परकर, ब्लाउज, पंजाबी ड्रेस याच वाटेनं जाते. झारापकरांच्या पुस्तकानं महाराष्ट्रातल्या किती पिढ्यांना कटिंग शिकवलं, पण आपल्या क्लासात भर कायम माग-कापडावरच राहिला. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसायांमध्ये शिंपीही आहे. प्रशिक्षण, रोजचा पाचशे रुपये भत्ता आणि अवजारांसाठी पंधरा हजारांपर्यंत मदत अशी तिची रचना. धाराशिव, म्हणजे तेव्हाचा उस्मानाबाद, जिल्हा २०१८ पासून नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत, त्यामुळं योजनांची आवक कमी नाही. मशीन मिळतात. मशीन मिळाल्यावर दहा बायका एकाच गल्लीत ब्लाउज शिवायला बसतात, शिलाईचा दर एकमेकींच्या खाली पाडतात, आणि शेजारच्या दुकानात तिरुपूरचा टी-शर्ट विकला जातो. क्लासच्या वहीत होजिअरीची चार पानं वाढवायला सरकारी आदेश लागत नाही, क्लासवाल्या बाईंनी मनावर घ्यावं लागतं.

तोवर सुरुवात करायची असेल तर बनियननं करा, गाऊननं नाही. कापड थोडं लागतं, बिघडलं तर पुसणं होतं. पिकोवाल्या ताईंकडं जाताना धुतलेल्या कापडाची दोन कातरणं सोबत न्या आणि त्यांच्यावर आधी टीप मारून मागा, एक अरुंद झिगझॅगची आणि एक इंटरलॉकची. दोन्ही टिपा त्यांच्यासमोर हातानं आडव्या ओढून बघा. टीप तुटली तर टेन्शन सैल करायला सांगा, टाका सुटला तर सुई बदलायला. पहिल्यांदा त्या कुरकुरतील. बॉल पॉइंट सुई तुम्हीच घेऊन गेलात तर कमी कुरकुरतील.